लघवी सुटत नाही, मग गळते कशी?

प्रश्न : माझे धाकटे दीर तिशीतले. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फावरून गाडी घसरली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. कागदपत्रांवर 'टी-५' असं लिहिलेलं असतं. हात उत्तम चालतात, पण छातीखाली काही कळत नाही. दर पाच-सहा तासांनी ते स्वतःच नळी घालून लघवी काढतात, शिवाय ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या चालू आहेत. तरी अधूनमधून कपडे ओले होतात. सांगलीहून सासूबाई फोनवर विचारतात, "लघवी आपली आपण होत नाही म्हणून नळी, आणि होऊ नये म्हणून गोळी, हे काय गौडबंगाल?" मला काही सांगता येईना. गोळीने तोंड इतकं कोरडं पडतं, की भाऊजी मधूनच ती गुपचूप बंद करतात. "फार तर कपडे बदलावे लागतील, त्यात काय एवढं," असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यात आम्ही सगळे गावी जायचं म्हणतोय, म्हणून आत्ताच विचारते.
— एक वाचक, श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : सासूबाईंनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. लघवी काढायला नळी आणि अडवायला गोळी, हे ऐकणाऱ्याला उफराटं वाटणारच. पण उफराटेपणा उपचारात नाही, दुखापतीनंतर मूत्राशय जसं वागू लागतं त्यात आहे.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. तिला कामं दोनच. भरताना सैल राहायचं आणि सांगितल्यावर आवळून रिकामं व्हायचं. तिच्या तोंडाशी एक झडपेसारखा स्नायू असतो. पिशवी आवळली की झडपेने उघडायचं, एरवी मिटून राहायचं. या सगळ्याचं स्थानिक केंद्र मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाला, माकडहाडाच्या वरच्या बाजूला जाणाऱ्या नसांच्या मुळाशी असतं. तान्ह्या बाळाचा कारभार त्या केंद्रावरच चालतो. पिशवी भरली की दुपटं ओलं. दोन-तीन वर्षांचं होईतो मेंदू त्या केंद्राला वेसण घालतो. पिशवी आणि झडप यांचा मेळ जमवणारी जागा मेंदूच्या देठात आहे, आणि 'आत्ता नको, घरी गेल्यावर' हा निर्णय त्याच्याही वरचा.

तुमच्या दिरांची इजा छातीच्या पाचव्या मणक्याच्या पातळीवर आहे. म्हणजे खालचं केंद्र शाबूत, वरचा मेंदू शाबूत, मधली तार तुटलेली. अपघातानंतरचे पहिले काही आठवडे मज्जारज्जूला धक्का बसलेला असतो. तेव्हा पिशवी निपचित पडून राहते, लघवी नुसती तुंबते. धक्का ओसरला की खालचं केंद्र जागं होतं, पण आता त्याला विचारणारं कुणी नसतं. पिशवीत थोडीशी लघवी साठली तरी स्नायू आपल्या मनाने आवळतो. त्याच क्षणी झडपेने उघडायला हवं, तर तीही घट्ट मिटते, कारण मेळ जमवणारा निरोप वरून येतच नाही. आत पिशवी जोर लावते आहे आणि दार बंद आहे. या झटापटीत थोडी लघवी फटीतून निसटते, कपडे ओले होतात, आणि बरीचशी आतच राहते. तेव्हा लघवी 'होत नाही' हेही खरं आणि 'गळते' हेही खरं.

आता गोळीचं काम. कुकर शिट्ट्या मारतोय म्हणून शिट्टीवर बोट दाबून चालत नाही, गॅस बारीक करावा लागतो. ऑक्सिब्युटिनिन गॅस बारीक करते. पिशवीच्या स्नायूचं अवेळी आवळणं कमी करून ती तिला शांतपणे साठवायला लावते. साठलेलं बाहेर काढायचं काम मग नळीचं. नळीशिवाय गोळी दिली तर लघवी तुंबून पिशवी फुगत जाईल. गोळीशिवाय नळी ठेवली तर दोन वेळांच्या मधल्या तासांत आतला दाब चढत राहील. म्हणून अशा इजेत दोन्ही बरोबर दिली जातात.

आता दिरांचं 'त्यात काय एवढं'. माझ्या मते पत्रातलं सर्वांत काळजीचं वाक्य हेच आहे. कपडे ओले होणं हा दाबाचा बाहेर दिसणारा भाग. न दिसणारा भाग वर, मूत्रपिंडांकडे असतो. पिशवीतला दाब पाण्याच्या चाळीस सेंटिमीटर उंचीइतका किंवा त्याहून जास्त वारंवार राहू लागला, की मूत्रपिंडातून येणाऱ्या नळ्यांना लघवी खाली सोडणं जड जातं. काहींची लघवी उलटी वर चढते. त्यात जंतू असले तर तेही वर जातात. दुखापतीमुळे यातलं काहीच जाणवत नाही. ना पोट दुखतं, ना कंबर. वर्षा-दोन वर्षांनी सोनोग्राफीत मूत्रपिंड सुजलेलं दिसतं, तेव्हा कळतं. आणि एखाद्याचे कपडे कोरडे राहतात म्हणून तो सुरक्षित, असंही म्हणता येत नाही. झडप फार घट्ट असेल तर गळत नाही आणि आत दाब मात्र भरपूर असतो. म्हणून डॉक्टर युरोडायनॅमिक तपासणी करायला सांगतात. बारीक नळीतून पिशवी हळूहळू भरत नेतात आणि किती मिलीलिटरला किती दाब झाला याचा आलेख काढतात. गोळी पुरेशी पडते आहे का, हे कपड्यांवरून अर्धंच कळतं, या आलेखावरून पुरतं कळतं.

हा धोका जुना आहे. प्राचीन इजिप्तमधला एक वैद्यकीय पपायरस एडविन स्मिथ या अमेरिकन माणसाने १८६२मध्ये लक्सरला विकत घेतला. तो आज तुमच्यापासून फार दूर नाही, न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ मेडिसिनमध्ये आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लिखाणात मानेचा मणका निखळलेल्या माणसाचं वर्णन येतं : हातापायांची शुद्ध नाही आणि नकळत लघवी ठिबकते. वैद्याचा निर्वाळा असा, की या दुखण्यावर इलाज करू नये. पुढे कितीतरी शतकं त्यात फारसा फरक पडला नाही. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक त्या जखमेने गेलेच नाहीत. ते गेले लघवीतल्या जंतुसंसर्गाने आणि शय्याव्रणांनी.

चित्र पालटायला लागलं ते १९४४पासून. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे कण्याच्या इजांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यांच्याकडे कायमची नळी ठेवण्याऐवजी ठरावीक वेळाने, कडक निर्जंतुक पद्धतीने लघवी काढत. ते रुग्णालयात जमे, घरी गेलेल्या माणसाला कसं जमावं? तो अडसर १९७२मध्ये मिशिगन विद्यापीठातले डॉ. जॅक लॅपिडीस यांनी काढला. निर्जंतुक नसली तरी चालेल, नळी आणि हात स्वच्छ हवेत आणि वेळ चुकता कामा नये, असं त्यांनी मांडलं. त्यांचा युक्तिवाद असा, की पिशवी ताणली गेली की तिच्या अस्तराचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंना तिथे पाय रोवायला मिळतात. नळीबरोबर आत जाणाऱ्या चार जंतूंपेक्षा तुंबलेली पिशवी घातक. त्या वेळी अनेकांनी नाकं मुरडली. आज तुमचे दीर ऑफिसच्या स्वच्छतागृहात हात धुऊन काही मिनिटांत मोकळे होतात, ते या विचारामुळे.

त्याच १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, म्हणजे सासूबाईंच्याच मुलखातले. १९६५च्या युद्धात त्यांना बंदुकीच्या गोळ्या लागल्या, एक कण्यापाशी रुतली. जानेवारी २०२५मध्ये ऐंशी वर्षांचे पेटकर राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन पुरस्कार घ्यायला जातीने हजर होते. कण्याच्या इजेनंतर साठ वर्षं. त्यांच्या पिढीच्या आधी असं आयुष्य ही अपूर्वाई होती. पुण्यात खडकीला सैन्याच्या पॅराप्लेजिक जवानांसाठी १९७४पासून पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईत हाजीअलीला १९५५पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. अशा ठिकाणी नवा रुग्ण पहिल्या काही दिवसांतच लघवीचं वेळापत्रक शिकतो, आणि ते शिकवणाराही पुष्कळदा चाकाच्या खुर्चीतलाच असतो. आपल्याकडे पदकावर सिनेमा निघतो, वेळापत्रकावर कोण काढणार? पण सुवर्णपदकाइतकंच ते वेळापत्रकही कष्टाने कमवावं लागतं.

आता गोळ्यांकडे. ऑक्सिब्युटिनिन १९७५मध्ये आली. म्हणजे पन्नाशीची, जुनी, स्वस्त आणि अजून रोजच्या वापरातली.

तोंड का कोरडं पडतं? पिशवीच्या स्नायूला 'आवळ' हा निरोप नसांकडून अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून मिळतो. गोळी तो निरोप घेणारी जागा अडवते. दुर्दैवाने तशाच जागा लाळेच्या ग्रंथींत, आतड्यांत, डोळ्यांत आणि घामाच्या ग्रंथींतही आहेत. म्हणून तोंड सुकतं, शौचाला घट्ट होतं, जवळचं वाचताना अंधूक दिसतं, घाम कमी येतो. आपल्याकडे याला 'गोळी उष्ण पडली' म्हणतात आणि वाळा-सब्जा सुरू होतो. त्याने इजा नाही, पण तोंड कोरडं म्हणून दिवसभर घोट-घोट पाणी आणि चहा सुरू झाला की लघवी वाढते, पिशवी लवकर भरते, पुन्हा गळते. बद्धकोष्ठानेही गळणं वाढतं, कारण भरलेलं आतडं शेजारच्या पिशवीवर दाबतं. गोळी निकामी ठरली असं वाटतं, आणि खरा दोष चहाच्या कपांत नि इसबगोल विसरण्यात असतो.

यावर उपाय आहेत, मात्र ते डॉक्टरांना सांगून करायचे, गुपचूप नाही. गुपचूप बंद करण्याचा खरा तोटा वेगळाच. डॉक्टरांना वाटतं माणूस गोळी घेतोय, तरी गळतंय; मग ते मात्रा वाढवतात किंवा पुढचं औषध लिहितात. दिरांनी खरं सांगितलं तर पहिली पायरी बहुधा सावकाश विरघळणाऱ्या गोळीची असेल. तिने तोंड कमी सुकतं. (अशा काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून जसंच्या तसं पडतं. औषध आत गेलेलं असतं, घाबरू नये. तसली गोळी चुरडून वा चावून मात्र कधीच घेऊ नये.) चिकटपट्टीच्या रूपातलं ऑक्सिब्युटिनिनही मिळतं. ते त्वचेतून थेट रक्तात जातं, आणि यकृतातून पार होताना तयार होणारा, तोंड सुकवणारा घटक कमी बनतो. तुमच्याकडे तीच पट्टी २०१३पासून बायकांसाठी चिठ्ठीशिवायही विकली जाते. ती वेगळ्या, साध्या तक्रारीसाठी आहे. कण्याची इजा असलेल्या कुणीही ती आपल्या मनाने लावू नये, पुरुषांनी तर नाहीच. शिवाय टॉल्टेरोडिन, सोलिफेनॅसिन, ट्रॉस्पियम ही त्याच घराण्यातली औषधं आहेत. एक मानवलं नाही म्हणून दुसरं मानवणार नाही असं नाही. ट्रॉस्पियम मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून विसराळूपणाची भीती असलेल्या वयस्करांना डॉक्टर ते पसंत करतात.

मिराबेग्रॉनचा रस्ता निराळा. अमेरिकेत २०१२पासून मिळणारं हे औषध 'आवळ' हा निरोप अडवत नाही, 'सैल हो' हा निरोप पोचवतं. त्यामुळे तोंड आणि पोट त्यातून बरंचसं सुटतं. ते रक्तदाब मात्र वाढवू शकतं, आणि हृदयाच्या व मनाच्या काही औषधांशी त्याचं जमत नाही. तुमच्या दिरांच्या बाबतीत रक्तदाब ही नाजूक गोष्ट आहे, ते पुढे सांगतो. विमा कंपन्या पुष्कळदा 'आधी स्वस्त गोळी घेऊन बघा' असा आग्रह धरतात. अशा वेळी स्वस्त गोळीने काय त्रास झाला याची तारखेनिशी नोंद फाइलीत असली, तर डॉक्टरांना तुमच्या बाजूने लिहिणं सोपं जातं. गुपचूप बंद केलेल्या गोळीची नोंद कुठून असणार?

एक सूचना औषधांच्या दुकानाबद्दल. मॅसॅच्युसेट्समध्ये वसंतात परागकण सुटले की घरोघर बेनाड्रिल निघतं. रात्री झोप यावी म्हणूनही लोक घेतात. तेही अ‍ॅसिटिलकोलीनच अडवतं. नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं अ‍ॅमिट्रिप्टिलीनही तेच करतं. ऑक्सिब्युटिनिनच्या जोडीला हे आलं की कोरड, बद्धकोष्ठ, गुंगी सगळं दुप्पट. चिठ्ठी नसलेल्या गोळ्याही डॉक्टरांपुढच्या यादीत लिहा.

गोळ्यांनी भागलंच नाही, तर बोट्युलिनम टॉक्सिन. होय, सुरकुत्यांवर टोचतात तेच. स्वित्झर्लंडमधल्या डॉ. ब्रिगिट शुर्च आणि सहकाऱ्यांनी २००० साली कण्याच्या रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेत २०११मध्ये या कारणासाठी परवानगी मिळाली. दुर्बिणीतून पिशवीच्या आत जाऊन २०० युनिट औषध तीस ठिकाणी थोडं-थोडं टोचतात. परिणाम साधारण आठ-नऊ महिने टिकतो, मग पुन्हा. ज्यांना स्वतःहून लघवी होते त्यांना यानंतर तुंबण्याची धास्ती असते. तुमचे दीर नळी वापरतातच, त्यामुळे त्यांच्यासाठी ही अडचण जवळजवळ नाहीच. तोंडाच्या कोरडेपणाने जेरीस आलेल्या माणसाने डॉक्टरांकडे हा विषय स्वतःहून काढावा.

सगळ्यांनाच या गोळ्या लागतात असं मात्र नाही. इजा कण्याच्या अगदी खाली, कमरेच्या मणक्यांपाशी असेल, तर स्थानिक केंद्र किंवा त्याच्या नसाच जायबंदी होतात. पिशवी कायमची ढिली पडते. तिथे गळतं ते काठोकाठ भरून सांडल्यामुळे, नाहीतर झडप सैल असल्यामुळे. आवळणं कमी करणाऱ्या गोळीचा तिथे उपयोग नाही. म्हणून 'अमक्याला ही गोळी लागू पडली' हे ऐकून चिठ्ठीची अदलाबदल करू नये.

आता कपडे ओले होण्याबद्दल. आठवडाभर एक वही ठेवा. किती वाजता नळी घातली, मापाच्या भांड्यात किती लघवी निघाली, त्याआधी ओलं झालं होतं का, आणि काय किती प्यायलं. समजा एका दिवशी असं दिसलं : सकाळी सहाला ४२० मिलीलिटर, कोरडं. अकराला ४००, कोरडं. चारला ६५०, ओलं. रात्री दहाला १८०, ओलं. वरवर दोन्ही नोंदी 'ओलं' अशाच आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा. चारची नोंद सांगते की पिशवी क्षमतेबाहेर भरली. प्रत्येक वेळी ५००च्या आत निघावी असं सर्वसाधारण धोरण असतं. इथे गोळी बदलायचं कारण नाही. दुपारच्या मीटिंगमधली दोन पेले कॉफी कमी करा, नाहीतर मध्ये एक वेळ वाढवा. रात्री दहाची नोंद मात्र गंभीर. १८०लाच पिशवी आवळली, म्हणजे औषधाचा असर ओसरला होता, किंवा काही नवीन घडतंय : जंतुसंसर्ग, मूतखडा, दोन दिवसांचं बद्धकोष्ठ. चांगलं बस्तान बसलेल्या माणसाला अचानक गळायला लागलं, तर आधी ही कारणं शोधायची, मात्रा वाढवणं नंतर. इथे लक्षात ठेवा, की नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे. ताप नाही, पायांची आकडी वाढलेली नाही, तब्येत ठीक आहे, तर नुसत्या तपासणीच्या कागदावरून अँटिबायोटिक घेत सुटू नये. घेत सुटलेल्यांवर नंतर कुठलंच औषध चालत नाही.

रात्री गादी ओली होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेकांची होते. दिवसभर खुर्चीत पाय खाली लोंबतात, त्यांत पाणी उतरतं. आडवं झाल्यावर तेच पाणी रक्तात परत येतं आणि मध्यरात्री लघवी होऊन पिशवीत जमतं. संध्याकाळी तासभर पाय उंच ठेवणं, डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे घालणं, जेवणानंतर पाणी आवरतं घेणं, याने पुष्कळ फरक पडतो. कंडोम कॅथेटर किंवा डायपर अब्रू राखतात, त्यात कमीपणा काही नाही. आतला दाब मात्र त्यांनी उतरत नाही.

रक्तदाबाचं सांगायचं राहिलं. इजा टी-६ला किंवा त्याच्या वर असेल, तर तुंबलेली पिशवी हे थेट जिवावरचं संकट होऊ शकतं. भरलेल्या पिशवीचा संदेश खालून वर निघतो, मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि इजेखालच्या रक्तवाहिन्या एकजात आवळतात. रक्तदाब भराभर चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेवर घाम फुटतो, अंगावर काटा येतो, नाडी मंदावते. अशा माणसांचा वरचा दाब एरवी ९० ते ११०च असतो. म्हणून आपत्कालीन विभागात १४० दिसला की नवख्याला तो 'ठीक' वाटतो, आणि त्यांच्यासाठी तो धोक्याचा असतो. करायचं काय? आडवं करू नका, ताठ बसवा. पट्टा, मोजे, घट्ट कपडे सैल करा. लगेच नळी घालून पिशवी रिकामी करा. थांबलं नाही तर ९११. हे सगळं एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा, आणि कार्डावर त्यांचा नेहमीचा रक्तदाबही लिहा. दिरांनी याआधी असा झटका अनुभवला असेल आणि 'डोकं दुखलं' म्हणून सोडून दिलं असेल, अशी मला शंका आहे. विचारा त्यांना.

आता मे महिना. जमलं तर डिसेंबर-जानेवारीत जा, असं मी म्हणेन. छातीखाली त्यांना मुळात घाम येत नाही. वर जो येतो तो गोळी कमी करते. सांगली-मिरजेकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि घामाशिवाय अंग थंड व्हायला मार्ग उरत नाही. मेमध्येच जायचं ठरलं, तर गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, पाण्याची फवारणीची बाटली आणि मानेवर ओला पंचा सतत हाताशी ठेवा. अंग तापलं आणि बोलणं असंबद्ध वाटलं तर थेट दवाखाना. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या पाहुणचाराची. इतरांचं पाणी घामावाटे उडतं, त्यांचं जवळजवळ सगळं पिशवीत येतं. ताक, कोकम सरबत, उसाचा रस, आमरस, सासूबाईंचं धण्याचं पाणी, सगळं वहीत मांडा आणि नळीच्या वेळा जवळ आणा.

विमानात लोक पाणीच पीत नाहीत. ती चूक करू नये. लघवी घट्ट होते आणि जंतूंचं फावतं. बसल्या जागी, लघवी साठवायच्या बाहेरच्या पिशवीला जोडता येणारी नळी मिळते, ती प्रवासाआधी घरी एकदा वापरून बघा. गोळ्या आणि नळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. दिवसाला पाच धरल्या तर महिन्याला दीडशे नळ्या होतात, वर पंचवीस-तीस जास्तीच्या घ्या. अमेरिकेत मेडिकेअर २००८पासून महिन्याला दोनशेपर्यंत एकदा वापरून टाकायच्या नळ्यांचे पैसे देतं, आणि दिरांनाही ताजी नळी घ्यायची सवय असेल. आपल्याकडे अनेकजण एकच नळी धुऊन-उकळून पुन्हा वापरतात, परवडत नाही म्हणून. प्रवासात, अनोळखी पाण्यावर तो प्रयोग नको. भारतात गोळ्यांची ब्रँडनावं वेगळी असतात, त्यामुळे डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, मिलीग्रॅममधली मात्रा आणि 'सावकाश विरघळणारी' की साधी, हे लिहिलेलं पत्र घ्या. साधी गोळी दिवसातून दोन-तीनदा घ्यायची असते आणि दुसरी एकदाच. दुकानदाराने एकीच्या जागी दुसरी दिली, तर घोटाळा नेमका तिथे होतो.